पोटाची हाक : आतड्यांतल्या चेतापेशी काय सांगतात?

सकाळी चहा पोटात गेला की थोड्याच वेळात संडासला जायची घाई लागते. हा अनेकांचा रोजचा अनुभव. तान्ह्या बाळाचेही तसेच. आईने अंगावर पाजायला घेतले की दूध पितापिताच बाळ शी करते. मग घरातली जुनी माणसे म्हणतात, "याला दूध पचतच नाही, प्यायले की सरळ खाली उतरते."

पण तसे नसते. आत्ता प्यालेला चहा किंवा दूध पाच-दहा मिनिटांत खाली पोचूच शकत नाही. मोठ्या माणसाने खाल्लेल्या अन्नाचा उरलेला चोथा बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे सकाळी जे बाहेर पडते ते काल-परवाचे जेवण असते. मग चहा पिताच घाई का लागते?

कारण पोटाला अन्न आल्याची बातमी लागते. जठर ताणले गेले की ही बातमी चेतापेशींमार्फत आणि काही संप्रेरकांमार्फत मोठ्या आतड्याला पोचते. बातमीचा अर्थ असा, की वरून नवे येत आहे, खालचे पुढे सरकवा. मोठे आतडे आकसू लागते, मळ पुढे ढकलला जातो आणि आपल्याला घाई जाणवते. तापल्या तव्याला बोट लागताच विचार करण्याआधीच हात मागे येतो. त्याला आपण शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून शिकलो. सकाळची घाई हीसुद्धा तशीच प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फरक एवढाच, की ती पोटाच्या आत घडते आणि आपल्याला फक्त तिचा शेवट कळतो.

ही क्रिया कशी चालते, ती कशाने बिघडते आणि बिघडली तर काय करायचे, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. विशेषतः ज्या घरात संडास नाही आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागते, तिथे तर नक्कीच.

आतड्याच्या भिंतीत काय आहे?

आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. इथे आपण बोलतो आहोत ते निरोप नेणाऱ्या पेशींबद्दल. त्यांना चेतापेशी म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू चेतापेशींनीच बनलेले आहेत. पण चेतापेशी तेवढ्याच ठिकाणी नसतात. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या भिंतीत त्यांचे जाळे विणलेले असते. त्यांची संख्या मोजण्याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते सगळे 10 कोटी ते 60 कोटींच्या घरात जातात.

ज्यांनी घरी बकऱ्याची वजडी साफ केली आहे, त्यांना ठाऊक आहे की आतडे म्हणजे नुसती पातळ पिशवी नव्हे. तिच्या भिंतीला थर असतात. सगळ्यांत आत मऊ, ओलसर अस्तर. त्याच्या बाहेर स्नायूंचे दोन थर. एका थराचे तंतू नळीभोवती बांगडीसारखे गोल फिरतात, ते आवळले की नळी अरुंद होते. दुसऱ्या थराचे तंतू नळीच्या लांबीने जातात, ते आवळले की नळी आखूड होते. चेतापेशींची दोन जाळी याच थरांमध्ये बसलेली आहेत. अस्तराच्या खाली असलेले जाळे 1857 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माइसनर यांनी दाखवून दिले. स्नायूंच्या दोन थरांमधले जाळे त्यानंतर काही वर्षांनी अवरबाख यांनी दाखवले. आजही डॉक्टर ही जाळी त्यांच्याच नावांनी ओळखतात. ढोबळ मानाने पहिले जाळे आतड्यात पाणी आणि रस सोडण्याचे काम पाहते, तर दुसरे अन्न ढकलण्याचे.

मेंदूशिवाय चालणारे काम

मटणाच्या दुकानात ताज्या कापलेल्या बकऱ्याची आतडी काही वेळ वळवळताना दिसतात. शरीरापासून ती सुटलेली असतात, मेंदूचा हुकूम बंद झालेला असतो. तरी हालचाल कशी होते?

1899 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगाने तपासला. कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सर्व चेता त्यांनी तोडल्या आणि मग आतड्याला आतून चेतना दिली. त्यांना दिसले, की त्या जागेच्या वरचा, म्हणजे तोंडाच्या बाजूचा भाग आवळतो आणि खालचा, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूचा भाग सैल पडतो. त्यांनी याला आतड्याचा नियम म्हटले. 1917 मध्ये जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून द्रावणात ठेवला. त्यात पातळ पदार्थ भरून तो ताणला, तेव्हा तो तुकडा एकटाच तो पदार्थ पुढे ढकलू लागला. पुढे केंब्रिजच्या लँगली यांनी आतड्यातल्या या जाळ्याला चेतासंस्थेचा स्वतंत्र विभाग मानले. आज काही शास्त्रज्ञ त्याला दुसरा मेंदू म्हणतात. तो विचार करत नाही, पण आपले काम मेंदूला न विचारता पार पाडतो.

निरोप कसा जातो?

समजा, भाकरी-भाजीचा घास पचत पचत लहान आतड्यात आला. पुढे काय होते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा बातमीचा. घास अस्तरावर घासतो, भिंत ताणली जाते. अस्तरात काही खास पेशी पेरलेल्या असतात. त्या दाब ओळखतात आणि सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात. सेरोटोनिनचे नाव मेंदूच्या संदर्भात ऐकू येते, पण शरीरातले 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटातच असते.

दुसरा टप्पा पोच देण्याचा. सेरोटोनिन जवळच्या चेतापेशीच्या टोकाला लागते. ती पेशी जागी होते आणि मधल्या चेतापेशींना निरोप देते. एकीकडून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनाच्या साहाय्याने. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते ओळखते. आग लागली की माणसे रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसेच हे आहे.

तिसरा टप्पा हुकमाचा. इथे निरोप दोन दिशांना फुटतो. घासाच्या मागच्या बाजूला जो निरोप जातो तो स्नायू आवळणाऱ्या चेतापेशींना. त्या मुख्यतः असिटिलकोलिन हे रसायन सोडतात आणि बांगडीसारखा स्नायू आवळतो. पुढच्या बाजूला निरोप जातो तो स्नायू सैल करणाऱ्या चेतापेशींना. त्या नायट्रिक ऑक्साईड आणि इतर काही रसायने सोडतात आणि पुढची वाट मोकळी होते. मागून ढकल, पुढून वाट. घास दोन बोटे सरकतो, नवी जागा ताणली जाते आणि तिथे पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की नुसते आवळून भागत नाही. पुढचा भाग सैल पडणेही तितकेच गरजेचे आहे. ही सैल करणारी पेशी नसेल तर काय होते, ते पुढे नवजात बाळाच्या आजारात दिसेल.

मेंदूचा आणि पोटाचा संबंध तुटलेला आहे असे मात्र नाही. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब चेता जाते. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर वर मेंदूकडे नेतात, थोडेच मेंदूचा हुकूम खाली आणतात. म्हणून परीक्षेच्या दिवशी मुलाला दोनदा संडासला जावे लागते. भीती वाटली की पोटात गोळा आला असे आपण म्हणतो, ते उगीच नाही.

दोन दारे, दोन कड्या

मळ शेवटी गुदाशयात येतो. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग. तो ताणला गेला की पुन्हा चेतापेशी कामाला लागतात. गुदद्वाराला दोन गोल स्नायू असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. त्यांना दोन दारे समजा. आतल्या दाराची कडी आतड्यातल्या चेतापेशी काढतात, त्यावर आपला ताबा नाही. बाहेरच्या दाराची कडी मेंदूच्या म्हणजे आपल्या हातात आहे. आतले दार उघडले की आपल्याला घाई लागते. जागा आणि वेळ योग्य असेल तर आपण बाहेरचे दार उघडतो. नसेल तर आवळून धरतो.

एखाद्या वेळी धरून ठेवले तर बिघडत नाही. पण रोज धरले तर? गुदाशय थोडा सैल होऊन मळाला जागा करून देतो. आतले दार पुन्हा बंद होते आणि घाई निघून जाते. आपल्याला वाटते, बरे झाले. पण मोठे आतडे मळातले पाणी शोषत राहते. मळ सुकतो, कडक होतो. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढताना कुंथावे लागते, दुखते, कधी चीर पडून रक्त येते. महिनोन्महिने असे चालले की गुदाशय ताणलेल्या अवस्थेला सरावतो. मग थोड्या मळाने त्याला जाणीवच होत नाही. हाक येते, पण फार उशिरा आणि फार क्षीण.

आपल्या वस्त्यांमध्ये हे कोणाच्या वाट्याला येते? सगळ्यांत जास्त बायका आणि मुलींच्या. शौचालयाला रांग आहे, आत पाणी नाही, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही. मग अंधार पडायची किंवा पहाटेची वाट पाहायची. दिवसा जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, जेवण कमी करायचे. शाळेतले शौचालय घाण असले तर मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरून ठेवतात. ही सवय नाही, नाइलाज आहे. म्हणून बद्धकोष्ठाच्या औषधाआधी शौचालयाच्या दाराची कडी, पाणी आणि दिवा यांची मागणी करायला हवी. ती उपकाराची मागणी नव्हे. शरीराची हाक वेळेवर ऐकता येणे ही आरोग्याची पहिली अट आहे.

मूल मुद्दाम करत नाही

लहान मुलांत हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. एकदा कडक शी झाली, दुखले. मूल घाबरते. पुढच्या वेळी घाई लागली की पाय आवळून, कोपऱ्यात उभे राहून ते शी दाबून धरते. ती आणखी कडक होते, आणखी दुखते. गुदाशयात मोठा खडा साचतो. त्याच्या बाजूने वरची पातळ शी झिरपते आणि चड्डी खराब होते. मुलाला ते कळतही नाही, कारण ताणलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट झालेली असते.

घरच्यांना वाटते, मूल आळशी आहे, मुद्दाम करते. कोणी जुलाब झाले समजून जुलाब थांबवणारी गोळी देते. दोन्ही चूक. मारून, लाजवून हे थांबत नाही, उलट भीती वाढते. डॉक्टरांना दाखवा. ते आधी साचलेली शी मोकळी करतात आणि मग काही महिने शी मऊ ठेवणारे औषध देतात. एवढा काळ औषध का, असे वाटते. पण ताणलेल्या गुदाशयाला पुन्हा पूर्वीसारखे व्हायला तेवढा वेळ लागतो. औषध मधेच बंद करू नका.

जाळे अतिउत्साही झाले तर

दूषित पाण्यातून जंतू किंवा त्यांचे विष आतड्यात गेले की अस्तरातल्या पेशी भरपूर सेरोटोनिन सोडतात. चेतापेशी आतड्यात पाणी सोडायला लावतात आणि हालचाल वाढवतात. घाण धुऊन काढण्याचा हा शरीराचा प्रयत्न असतो. पण कॉलऱ्यासारख्या आजारात तो इतका वाढतो की शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाते आणि जिवावर बेतते.

अशा वेळी पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस. जुलाब चालू असतानाही आतड्याचे अस्तर मीठ आणि साखर एकत्र मिळाले की ती आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. दुकानातून आणलेली लोपेरामाइडची गोळी मात्र आतड्यातल्या चेतापेशींना गप्प करते. हालचाल थांबते, घाण आतच राहते. लहान मुलांना ही गोळी देऊ नये. शीत रक्त असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चेतापेशीच नसतील तर : नवजात बाळाचा आजार

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आईच्या पोटात बाळ तयार होत असताना, पहिल्या तीन महिन्यांत, आतड्याच्या चेतापेशी वरून खाली प्रवास करत जागा घेतात. काही बाळांत हा प्रवास शेवटपर्यंत पोचत नाही. मोठ्या आतड्याचा अखेरचा तुकडा चेतापेशींशिवायच राहतो. तिथे सैल पडण्याचा निरोप देणारे कोणीच नसते. तो भाग आवळलेलाच राहतो आणि मळ त्याच्या मागे साचतो. साधारण 5,000 जन्मांमागे एका बाळात हे आढळते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त.

1886 मध्ये कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी अशा दोन बाळांची माहिती डॉक्टरांपुढे मांडली. त्यांचेच नाव या आजाराला पडले. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर फुगलेल्या आतड्यालाच आजारी समजत राहिले. प्रत्यक्षात फुगलेला भाग धडधाकट होता, तो ढकलून ढकलून फुगला होता. दोष त्याच्या खालच्या अरुंद भागात होता. हे उमगल्यावर 1948 मध्ये अमेरिकेत स्वेन्सन आणि बिल यांनी चेतापेशी नसलेला भाग काढून चांगला भाग खाली जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. आज याच तत्त्वावरच्या शस्त्रक्रियेने बहुतेक मुले वाचतात, वाढतात.

ओळखायचे कसे? जन्मल्यानंतर बाळाची पहिली काळपट-हिरवी चिकट शी बहुधा पहिल्या दिवसातच होते. 48 तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगले, बाळ हिरवी उलटी करू लागले किंवा दूध ओढेनासे झाले, तर घरी थांबू नका. एरंडेल, गुटी, पोटावर हिंगाचा लेप यात एक तासही घालवू नका. मेळघाटासारख्या भागात फुगलेल्या पोटाच्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या घटना आजही घडतात. चटक्याने चेतापेशी येत नाहीत, बाळाला जखम मात्र होते. हा नजरेचा, बाधेचा किंवा आईने काही खाल्ल्याचा परिणाम नाही. सुनेला दोष देऊ नका, बाळाला सरकारी रुग्णालयात न्या. आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बालशस्त्रक्रियांचाही समावेश आहे. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आशाताईंचीही मदत घ्या.

एक गैरसमज मात्र टाळा. महिना-दीड महिन्याचे, फक्त अंगावर पिणारे बाळ कधी कधी तीन-चार दिवस शी करत नाही. ते नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि शी झाली की ती मऊच असेल, तर घाबरायचे कारण नाही.

घरी काय करावे?

• सकाळी चहा-नाष्ट्यानंतर 15-20 मिनिटांत घाई लागते, ती वेळ साधा. घरात माणसे जास्त असतील तर मुलांचा नंबर त्या वेळेला लावा.

• लहान मुलाला जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसवा. पाय टेकलेले असावेत. झाली नाही तरी रागावू नका.

• ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, पेरू, केळे यांचा चोथा आतड्याची भिंत ताणतो आणि चेतापेशींना जागे करतो. सोबत पाणी पुरेसे हवे.

• इसबगोल घेतल्यास भरपूर पाण्यासोबत घ्या. जुलाबाचे औषध रोजची सवय म्हणून घेऊ नका.

• मधुमेहामुळे आतड्याच्या चेतापेशींना इजा होते. मधुमेही माणसाला सतत बद्धकोष्ठ किंवा जुलाब होत असतील तर डॉक्टरांना सांगा.

• पोटाच्या ऑपरेशननंतर आतड्याची हालचाल काही काळ थंडावते. म्हणून डॉक्टर "गॅस सरला का?" असे विचारतात. त्यांनी सांगितल्याशिवाय रुग्णाला खायला देऊ नका.

लगेच रुग्णालय गाठावे असे

पोट फुगले, उलट्या होतात आणि शी व गॅस दोन्ही बंद झाले. शीत रक्त आले किंवा ती डांबरासारखी काळी झाली. वजन घटू लागले. चाळिशीनंतर शौचाची जुनी सवय अचानक बदलली आणि काही आठवडे तशीच राहिली. यातले काहीही झाले तर "मूळव्याध असेल" म्हणून घरी बसू नका, तपासून घ्या.

पोटातले हे जाळे आपण झोपेत असतानाही काम करते. आपल्याकडून त्याला दोनच गोष्टी हव्यात. हाक आली की जाता येईल अशी स्वच्छ, सुरक्षित जागा, आणि ती हाक न दाबण्याची सवय. पहिली वस्तीने मिळून मिळवायची आहे, दुसरी प्रत्येक घराने लावायची आहे.